दुपारी कोणी आलं नव्हतं

"घ्या गो बाय, मालतीकडं घ्या! सुकटीबरोबर मिरची फुकट!"

बोईसरच्या मासळीबाजारात, सुक्या मासळीच्या रांगेत एक बाई ओरडली आणि आजूबाजूच्या हसल्या. जिच्या नावाने ओरडली तीसुद्धा हसली. टोपलीवरचं प्लास्टिक सारखं करत म्हणाली, "गप गो भवाने. किती जुना झाला ता."

मी तिथेच उभी होते. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला स्कार्फ. पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही, म्हणून त्याआधी घरात सुकं भरून ठेवतात. तेच आणायला आईने पाठवलं होतं. आमची नेहमीची बाई त्या दिवशी बसली नव्हती. नाहीतर मी त्या रांगेत इतकी पुढे कधीच गेले नसते. जात नाहीच मी.

त्या विनोदामागची गोष्ट बाजारातल्या पुष्कळांना माहीत आहे. आमच्या गिरणीत कामाला असलेल्या मालतीने कापडवाल्या शेठच्या वर्षाच्या मिरचीत सुकट मिसळली, ती गोष्ट. पण तशी ती घडली नाही. कशी घडली ते फक्त मला माहीत होतं, आणि त्या सकाळपर्यंत मी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही. एकदा मोबाइलवर इंग्रजीत लिहून पाहिलं — मी इंग्रजी शाळेतली, लिहायचं म्हटलं की आधी तेच सुचतं. वाचलं तर कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटलं. पुसून टाकलं. म्हणून आता मराठीत लिहिते आहे, जमेल तसं.

आधी गिरणी सांगते. बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे, एका बाजूला कापडाचं दुकान, दुसऱ्या बाजूला फोटो स्टुडिओ. गव्हाची चक्की, तांदळाची चक्की, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला मिरचीची. सकाळी पाळी संपवून कारखान्यातले कामगार सरावलीला घरी जाताना डबे ठेवून जातात — "भैया, मोटा पीसना." मग घराघरांतल्या बायका. उन्हाळ्यात मात्र सगळा जोर मिरचीवर. वर्षाचा मसाला असतो तो. बायका भाजलेली मिरची, धणे घेऊन येतात आणि नाकाला पदर लावून दळून होईपर्यंत तिथेच उभ्या राहतात. आपल्या मिरचीत दुसऱ्याची जाऊ नये म्हणून.

आमच्या गिरणीचा एक नियम होता, पप्पांच्या आधीपासूनचा. सुकट दळायची नाही. आम्ही स्वतः मासे खातो — बुधवार, शुक्रवार, रविवार. पण गिऱ्हाइकांत मारवाडी, गुजराती घरं खूप. सुकटीचा वास एकदा चक्कीत बसला की निघत नाही, आणि वास आला की ती घरं येत नाहीत. किनाऱ्याकडच्या बायका कधी कधी पिशवी पुढे करायच्या, पप्पा हात जोडायचे. बस. वाद नाही.

मिरचीची चक्की मालतीकाकी चालवायची. ती नवापूरची, समुद्रकाठची. नवरा होडीवर जायचा बंद झाला तेव्हापासून आमच्याकडे. तिला मिरचीने शिंका येत नसत, याचं सगळ्यांना नवल. कापडवाल्या शेठाणी सांगून जायच्या, आमची मिरची मालतीच्याच हातून हं. ते ऐकलं की काकी पदराने उगाच चक्की पुसायची. ती स्वतः डब्यात मासळी आणायची, पण जेवायला मागच्या चाळीत जायची. नळाखाली डबा धुवून, साबणाने हात धुवून मगच आत. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि मी? मी कॉलेजच्या सुट्टीत गल्ल्यावर बसायचे. बसायचे म्हणजे — लपायचे. शाळेत असताना मी सांगायचे, माझे पप्पा फूड प्रोसेसिंगमध्ये आहेत. हसा तुम्ही, हसण्यासारखंच आहे. पण पीठ केसांत बसलं की कितीही धुतलं तरी कडेने राहतं, आणि शाळेतल्या मुली कॉलनीत राहणाऱ्या, त्यांच्या केसांत काही नसायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते आहे.

त्या दुपारी पप्पा पालघरला कामासाठी गेले होते. काकी नुकतीच मागे जेवायला गेली होती. दारात एक बाई उभी राहिली, हातात स्टीलचा डबा. रियाची मम्मी. रिया शाळेत माझ्या वर्गातली. तिच्या वाढदिवसाला मी त्यांच्या घरी गेले होते, सोफ्याच्या टोकावर बसून आले होते.

"ओह, तू? यू हेल्प हिअर? सो स्वीट!"

मी उठून उभी राहिले. का उठले, माहीत नाही. गिऱ्हाईक आलं की आम्ही उठत नाही.

रिया शिकायला बाहेर निघाली होती. तिला सुकटीची चटणी लागते, पण अगदी बारीक पूड हवी, बॅगेत जाईल अशी. घरचा मिक्सर नेमका जळला. "जस्ट धिस मच, बेटा. होईल ना?"

वर, तिच्या डोक्याच्या मागे, सुकट दळत नसल्याची पाटी होती. मराठीत आणि गुजरातीत. तिने ती वाचली नव्हती. मी बोटाने दाखवली असती तरी पुरलं असतं. बोलायचीही गरज नव्हती. पण मला वाटलं — काय वाटलं? की ती घरी जाऊन रियाला सांगेल, तुझी ती मैत्रीण गिरणीत बसते, आणि नाही म्हणाली. की नुसतंच सांगेल, गिरणीत बसते. नाही म्हटलं नाही तर कदाचित 'किती गोड मुलगी' असं सांगेल. मी एवढाच विचार केला. जास्त केला असं म्हणायला मला आवडलं असतं.

मिरचीच्या चक्कीला हात लावायला मला मनाई होती. पण बटण कुठे आहे ते रोज पाहत होते. सुकट घातली. तिच्या डब्यात पूड भरून दिली. तिने माझ्या गालाला हात लावला आणि गेली.

मिरचीच्या चक्कीत वेगळं काही दळलं तर मागून खडे मीठ फिरवायचं असतं, दोन-तीनदा, वास ओढून घेईपर्यंत. तेही मी काकीला करताना पाहिलं होतं. मी फिरवलं नाही. ब्रशने तोंड झाडलं, पंखा लावला. मीठ फिरवायला वेळ लागला असता आणि काकी कधीही परत आली असती. तिने विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं. म्हणजे बघा, तोपर्यंत काहीही बिघडलेलं नव्हतं. मूठभर मिठाचंच काम होतं. ते मी केलं नाही, एका बाईने "काय गो करतंस?" एवढं विचारू नये म्हणून.

काकी आली. धुतलेला डबा तिने खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवला. पाणी निथळत होतं. मी ते पाहिलं. मग कापडवाल्या शेठची मिरची आली, पोत्यात. शेठाणीचे गुडघे दुखत होते, त्यामुळे उभं राहायला कुणी नव्हतं. नोकर ठेवून गेला. काकीवर भरवसा होता ना.

दुसऱ्या दिवशी शेठाणी स्वतः रिक्षाने आल्या. त्या ओरडल्या नाहीत. तिखटाचा डबा गल्ल्यावर ठेवला, झाकण उघडलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पप्पांनी वास घेतला. मला वास घ्यावा लागला नाही.

"काल चक्कीवर कोण होतं?" पप्पांनी विचारलं.

"मीच व्हते, भाऊ," काकी म्हणाली. "रोज मीच असते."

मग पप्पा माझ्याकडे वळले. "दुपारी कोणी आलं होतं?"

मी म्हणाले, "नाही. कोणी आलं नव्हतं."

एवढंच. मी काकीवर आळ घेतला नाही, तिचं नावही घेतलं नाही. हे मी पुढे स्वतःला किती वेळा सांगितलं असेन! पण कोणी आलं नव्हतं म्हटल्यावर मागे कोण उरतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणायच्या आधीच कळत होतं.

पप्पांनी काकीला विचारलं, "तुझ्या डब्यात काय होतं काल?"

ती म्हणाली, "सुकट व्हती, भाऊ. पन मी मागं जेवले. डबा धुतला."

शेठाणींनी पदर नाकाला लावला. डबा धुतलेला मी पाहिला होता. मी पावतीपुस्तकाचा कोपरा दुमडत बसले. दुमडायचे, सरळ करायचे.

पप्पा वाईट नाहीत. त्यांनी शेठाणींना नवी मिरची आणून, दुसरीकडून दळून, घरपोच दिली. पण बाजारात बोलणं पसरलं, आणि चार घरं येईनाशी झाली तेव्हा लोकांना दाखवायला काहीतरी लागलं. एका संध्याकाळी पप्पा म्हणाले, "मालती, उद्यापासून राहू दे." तिने एप्रन काढून खिळ्याला लावला. मला म्हणाली, "येते गो बाय." तिला माझ्यावर संशयच नव्हता. मी चक्कीला हात लावत नाही, हे तिला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

त्यानंतर ती बाजारात सुकं घेऊन बसायला लागली, उन्हात. मी शिक्षण संपवलं, तारापूरकडच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले. तिथेही मी फारशी बोलत नाही, आणि लोक मला शांत, चांगली मुलगी म्हणतात. पप्पा अजूनही नव्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगतात — "आमच्याकडे स्वच्छतेचं फार कडक हो, एका बाईला काढून टाकलं होतं मी." मी आत असले की ऐकते. काही वाटत नाही. खरंच सांगते, इतक्यांदा ऐकून आता काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं माहीत आहे.

तर त्या सकाळी. मी मागे वळणार होते, तेवढ्यात काकीने हाक मारली. स्कार्फमधूनही ओळखलं तिने.

"बाय, तू गिरणीवाल्यांची ना? किती मोठी झालीस! ये, ये. सुकट हवी? ही बघ, कोरडी खणखणीत."

शेजारची, मघाशी ओरडलेली, जीभ चावून म्हणाली, "अगो बया, ही भाऊची पोरगी? मी आपली बोलून बसले!"

"हिला काय होतंय," काकी म्हणाली. "हिच्या समोरच तर झाला सगला." मग माझ्यासाठी सुकट पाखडत, खालचा बारीक चुरा बाजूला करत, बोलत राहिली. "पप्पांना सांग, माज्या मनात काय नाय. तेंची चूक नाय. माजाच डबा. तवा मी म्हनाले धुतला, पन धुतला नसंल. किती दिवस इचार केला मी. अर्दा जेवून तसाच चक्कीवर ठेवला आसंल आनि कलंडला. दुसरा कसा व्हनार? कुनी आलाच नव्हता ना दुपारी." ती शेजारणीकडे वळली. "माज्या सुनेला पन सांगते मी, आपला ध्यान नसतो, हातून काय व्हतं ता आपल्याला कलत नाय. ती कॅन्टीनला लागलीय ना. तिला म्हनते, डबा बाहेरच ठेव बाय, माज्यासारका करू नको."

शेजारीण मान हलवत होती. काकीने सुकट पिशवीत भरली, वर आणखी एक मूठ टाकली. "ही आईला, माज्याकडून."

पिशवी माझ्या हातात होती. मागून कुणीतरी 'बाजूला हो' म्हणून ढकलत होतं. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. मी हेल्मेट काढलं, स्कार्फ खाली ओढला. शेजारीणही ऐकत होती, ऐकू दिलं.

मी म्हणाले, "काकी, तू डबा धुतला होतास. मी पाहिला होता. दुपारी एक बाई आली होती, तिची सुकट मी दळली. तू जेवायला गेली होतीस तेव्हा. मीठ फिरवलं नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."