चांदीच्या धावा

थोरला भाऊ पटकीने गेला त्याला महिना झाला नव्हता. भादरलेल्या डोक्यावरचे केस नुकते टोचू लागले होते, आणि मी अकोल्यात एका वकिलाच्या ओटीवर बसून स्वतः नादार असल्याचा अर्ज लिहीत होतो. वकिलाच्या कारकुनाचे अक्षर वाईट, मी शाळामास्तर. पुण्याकडून आलेल्या त्या गृहस्थाने माझ्याकडून फीही घेतली आणि लिखाणही करून घेतले.

आम्ही जुन्या शहरातले माळी. मोर्णेच्या काठी आमची भाजीची वाडी. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इथला भाव चढला, तेव्हा भावाने वांगी उपटून सरकी टोचली. वर्षभरात तो अमरावतीला अडत्या होऊन बसला आणि आम्ही, माळ्याच्या पोटचे, वांगी विकत आणू लागलो. याची कुणाला लाज वाटली नाही. लाज हा जिन्नस त्या वर्षी बाजारात नव्हताच.

मुलीच्या लग्नात त्याने गाडीच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांऐवजी चांदीच्या धावा चढवल्या. अमरावतीतले मोठमोठे व्यापारी, पागोटी सांभाळत, चाकांकडे बघत त्या गाडीमागून धुळीत चालले. मी मान फिरवून उभा राहिलो. माझा शहाणपणा तेवढाच. त्या चाकांच्या जोरावर त्याला मागेल तितकी उधारी मिळाली. कागदावर दुसरी सही माझी असे. शिकलेल्या भावाची सही शोभते म्हणून.

लढाई थांबली, भाव पडला, भाऊ गेला. सावकार माझ्याकडे वळला: पैसे टाका, नाहीतर दिवाणी तुरुंगात चला. त्यातून सुटायला एकच वाट होती. आहे ते सारे कोर्टापुढे मांडायचे आणि काही लपवले नाही अशी शपथ घ्यायची. लपवलेले सापडले की अर्ज रद्द आणि तुरुंग ठरलेला.

“लिहा,” वकील म्हणाला. “बैलगाडी एक, वाडीच्या कामाची. धावा लोखंडी.”

“चांदीच्या आहेत. भावाचीच गाडी आहे ती.”

“अहो मास्तर, माळ्याची गाडी म्हणजे पोटाचं हत्यार. तिला कोर्ट हात लावत नाही. चांदी म्हटलंत की गेली ती जप्तीत.”

“सगळ्या अमरावतीने पाहिलंय.”

“मग सगळ्या अमरावतीला मोतीबिंदू झालाय असं लिहू या!” आणि आपल्याच विनोदावर तो इतका हसला की पानाचा रस माझ्या कागदावर उडाला.

मी लेखणी ठेवून उठलो. कायदा शिकून माणूस एवढाच होत असेल तर वांगी विकलेली बरी, असे मनाशी म्हणत घरी आलो. वहिनी पडवीत तूर निवडत होती. भाऊ गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. मी तिला वकिलाचा सल्ला सांगितला आणि मी खोटे लिहिणार नाही हेही, जरा ठासून, सांगितले.

“कायची चांदी, भाऊजी?” ती सूप न थांबवता म्हणाली. “कल्हई व्हय ते.”

“कल्हई?” मी विचारले.

“कल्हईवाल्याले भाकर म्याच वाढली. लग्नाआधी दोन रोज परसात भट्टी लावली होती त्यानं. नवसागराच्या धुरानं डोळे सुजले माहे. कौंडण्यपूरच्या जत्रेले गेलो तवाही त्याले संग नेलं. गावाबाहीर थांबून पुन्हा चाकं उजळली.”

“मला काहून नाही सांगितलं?”

“तुमी जवळ येऊन चाकाले बोट लावलं असतं तं समजलं असतं. तुमाले तं दुरूनच भावाची लाज वाटे.”

गाडी गोठ्यामागे चिखलाने माखून उभी होती. भाऊ गेल्यावर ती वहिनीबरोबर आमच्याकडे आली, तेव्हापासून मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वकिलाला सांगितले तेव्हा त्याचे तोंड उतरले. “ही मोठी पंचाईत झाली,” तो म्हणाला. “खोट्याला साक्षीदार मिळतात हो. खरं सांगितलं तर सावकार म्हणणार, चांदी काढून पुरली.” मग त्याने अमरावतीहून कल्हईवाल्याला बोलावले आणि मला बजावले, “भावाने लोकांना फसवलं, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे.”

निघताना वहिनी दारात आली. “सांगा,” ती म्हणाली. “सांगतानी तुमाले बरं वाटन. तेवढं तोंडावर दिसू देऊ नका.”

कोर्टाच्या आवारात गाडी उभी केली. सावकार ओरडत होता, “साहेब, म्या माह्या डोळ्यानं चांदी पाहिली!” कोर्टाने बोलावलेल्या सोनाराने कानस चालवली. खिळ्यांच्या कडेला पांढरे उरले होते. ते निखाऱ्यावर धरताच कथलासारखे वितळले. खाली लोखंड. अमरावतीहून बघायला आलेली पागोट्यांची गर्दी खदखदून हसली. यातले निम्मे त्या धुळीत चालले होते, आणि आता “आमाले तवाच समजलं होतं” असे एकमेकांना सांगत होते.

“मंग म्या कोनाच्या भरोशावर देलं?” सावकार म्हणाला.

“माह्या कल्हईच्या, शेठ,” कल्हईवाला म्हणाला. त्याची छाती फुगली होती.

न्यायाधीश साहेबांनी कोर्टाच्या मुनशीकरवी विचारले, हे कुणी केले? मी वर्गात बोलतो तसा स्वच्छ बोललो, “माझ्या थोरल्या भावाने. लोकांनी श्रीमंत समजावं म्हणून.” वहिनी म्हणाली तसे खरोखरच बरे वाटले. तोंडावर दिसले असेल तर दिसले.

मुनशीने लेखणी बुडवली. “कागदांवर सही तुमची. सख्खा भाऊ. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

हो म्हटले की मी फसवणुकीतला भागीदार, सरळ तुरुंगात. नुसते नाही म्हटले तर कोण मानणार? वकील माझ्या बाहीला चिमटे काढू लागला.

“नव्हतं,” मी म्हणालो. “मी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही.”

गाडीसाठी सोनार लागला, कल्हईवाला लागला. या वाक्याला साहेबांनी साक्षीदार मागितला नाही. त्यांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडे, शपथेसाठी हातात दिलेल्या पोथीकडे एकदा पाहिले आणि मुनशीला अर्ज मंजूर लिहायची खूण केली. सावकारानेही हरकत घेतली नाही.