अक्कांची ढेप आणि नानांची खिडकी

सत्तरच्या दशकात सोनगीरला आमच्या परसात पोल्ट्रीची शेड होती... सासूबाईंनी आणि मी मिळून उभी केलेली. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं.

त्या पावसाळ्यात शेडमधला भुसा वाळेचना. वास इतका उग्र की डोळे चुरचुरायचे. शेजारच्या नानांनी आमच्या बाजूची खिडकी कायमची लावून टाकली, आणि एका सकाळी ते दारातच येऊन उभे राहिले.

"अक्का, डोळामा पानी येस! कोंबड्या हटाव, नहीते पंचायतमा जासू."

त्या दिवसापासून अक्कांचं जेवण तुटलं. शेड गेली असती तर आम्हा दोघींच्या हाती पुन्हा नुसती चूल उरली असती...

मी शिंदखेड्याहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. कोंबड्यांकडे बघण्याआधी त्यांनी घमेल्यातलं खाद्य चिवडून पाहिलं. निम्म्याहून जास्त शेंगदाण्याची ढेप, तेल काढून उरलेली पेंड! ढेप वाढवली की म्हैस दूध वाढवते, तोच न्याय अक्कांनी कोंबड्यांना लावला होता.

"अक्का, जास्तीची ढेप कोंबडीच्या अंगी लागत नाही. ती विष्ठेतून बाहेर पडते, मग भुसा ओला आणि वास," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही उकिरड्याला खुराक घालताय."

ढेप कमी करा, मका वाढवा, आणि ढेपेची कसर भरून निघायला थोडा सुकटीचा चुरा घाला, असं त्यांनी सांगितलं.

"वास काढाले सुकट?" अक्का माझ्याकडे वळल्या. "हाऊ इलाज शे का मस्करी?"

तरी केलं. अंडी कमी होतील या धास्तीने अक्का रोज टोपली उचलून अंदाज घ्यायच्या. टोपली काही हलकी झाली नाही... आणि हळूहळू भुसा पायाखाली कोरडा लागू लागला.

मग एक दिवस नाना पुन्हा दारात.

"अक्का, कोंबड्या शेतस ना? का इकी टाक्यात? वासच नही!"

"शेतस बठ्ठ्या! जाईसन देखी ल्या."

नाना खरंच आत जाऊन सगळ्या कोंबड्या आहेत का ते बघून आले!

मायेने वाढलेलंही अंगी लागेल इतकंच असावं, हे मी त्या शेडमध्ये शिकले. त्या डॉक्टरांचे उपकार अजून आठवतात...

संध्याकाळी नानांची खिडकी उघडी दिसली. जेवताना अक्कांनी दुसरी भाकरी मागून घेतली.