पेशकारसाहेबांची मराठी

निजामाचं राज्य गेलं तरी आमच्या कचेरीत उर्दूचा मुक्काम आणखी काही वर्षं होताच. मग एक दिवस हुकूम आला: यापुढे कारभार मराठीत, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांनी मराठीची परीक्षा द्यायची. जो नापास होईल तो एक पायरी खाली. जन्मभर मराठीत भांडलेली माणसं हा हुकूम ऐकून पांढरी पडली. बोलणं मराठीत असलं तरी त्यांचं लिहिणं सगळं उर्दूत झालेलं.

मी वऱ्हाडात मामाकडे राहून मराठी शाळा शिकलो होतो. त्यामुळे सगळ्यांत धाकटा कारकून एका दिवसात मास्तर झाला. बाकीच्यांना शिकवणं सोपं होतं. बिनदिक्कत चुका दाखवायचो, तेही बिनदिक्कत शिव्या द्यायचे. अवघड होते ते पेशकारसाहेब. तहसीलदारांपुढे कागद मांडायचं काम त्यांचं, म्हणजे कचेरी खरी तेच चालवत. मला कामाला लावलं, तयार केलं, तेही त्यांनीच.

रोज चार वाजता आम्ही दोघं दफ्तरखान्यात जायचो. ते खुर्चीवर बसत, मी शेजारी उभा. वरिष्ठांसमोर बसायचं नाही ही रीत होती, आणि मी मास्तर झालो म्हणून ती मोडावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. ते पत्राचा मसुदा लिहीत. वाक्य मराठीत निघे, अर्ध्या वाटेवर उर्दूत शिरे आणि परत येत नसे.

"कसं जमलं?" ते विचारत.

"बराबर आहे, साहेब."

त्यांच्या कागदावर रेघ मारायला माझा हात धजेना. ते गेले की मी तो मसुदा गुपचूप पुन्हा लिहून त्यांच्याच नावानं वर तहसीलदारांकडे पाठवी. एकदा तहसीलदारांनी भर कचेरीत त्यांच्या मराठीची तारीफ केली. साहेबांनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो.

परीक्षेला ते नवी टोपी घालून गेले. कचेरीत नापास झाले ते एकटेच. त्यांना घनसावंगीकडे साधा कारकून म्हणून पाठवलं आणि पेशकारी मला मिळाली, मराठी चांगली म्हणून.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कागदांचे बस्ते नीट मोजून माझ्या ताब्यात दिले. मग म्हणाले, "माझं चुकतंय हे तुला कळत व्हतं का?"

"हो, साहेब."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."



"तुला शिकवलं तवा तू दोनदा रडत घरी गेल्तास. मला काय मजा वाटत व्हती? पण तू शिकशील याची मला खात्री व्हती. तू मला शिकायच्या लायकीचाच समजला न्हाईस."

इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्यांदा कधी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर जाऊन मी पेशकार म्हणून रुजू झालो.