चष्मेवाल्या चाचांची सुतळी

चष्मेवाले चाचा गिऱ्हाइकाला नंबर कधीच आधी विचारत नसत. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली की ती न वाचताच काउंटरवर बाजूला सारत, गिऱ्हाइकाच्या नाकावरचा जुना चष्मा स्वतःच्या हातांनी उतरवत, मलमलीच्या तुकड्याने तो सावकाश पुसत आणि मग विचारत, "दिवसभर काय बघतासा?" बिंदू चौकाजवळच्या गल्लीतल्या त्या दुकानात पहिल्यांदा गेलेला माणूस या प्रश्नाने हमखास गांगरायचा. मीही गांगरले. चाळिशी उलटलेल्या बाईला परक्या पुरुषाने असली चौकशी करावी याचा मला थोडा रागही आला.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर ऑपरेटर होते. चंदगडकडून नोकरीसाठी आलेली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी, लग्नाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जाणारी. दिवसभर कानात साऱ्या जगाची बोलणी, आणि घरी आलं की स्टोव्हच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. हे काही मी चाचांना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की हातातली कॉलची चिठ्ठी वाचावी लागते, समोरच्या बोर्डावरचं बरोबर भोक शोधून त्यात प्लग घालावा लागतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. माझ्या दुहेरी काचांच्या चष्म्यात चिठ्ठी दिसायची, घड्याळ दिसायचं, बोर्ड मात्र दोन्हींच्या मध्ये सापडून पुसट व्हायचा. मान वरखाली करून करून अवघडून गेली होती.

हे ऐकून चाचा खूश झाले. सोपं गिऱ्हाईक त्यांना आवडत नसे. "चष्मा डोळ्याचा नसतोय बाई, कामाचा असतोय," असं त्यांचं म्हणणं. चपला बांधणाऱ्याचा वेगळा, सोनाराचा वेगळा, कंडक्टरचा त्याहून वेगळा. जमेल तिथे ते गिऱ्हाइकाच्या कामाच्या जागी जाऊन बसत. एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या माणसाला सोडत नसत, म्हणून त्यांनी मला सुतळीचा एक तुकडा कापून दिला. एक टोक डोळ्याच्या कोपऱ्याशी धरायचं, चिठ्ठी जिथे येते तिथे एक गाठ मारायची आणि बोर्ड जिथे येतो तिथे दुसरी. दुसऱ्या दिवशी कपाळाला सुतळी लावून बसलेली मला बघून शेजारच्या ऑपरेटर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने तर हा कुठल्या देवाचा नवस म्हणून विचारलं.

सुतळी परत दिली तेव्हा चाचांनी माझ्या गाठी सोडून पुन्हा पक्क्या मारल्या. ते प्रत्येक गाठ दोनदा मारत, म्हणजे सुटायची नाही. मग विचारलं, "आणि घरात? जेवताना समोर कोण बसतंय?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"मग एक गाठ कमी," ते म्हणाले आणि सुतळीला माझ्या नावाची चिठ्ठी बांधून त्यांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिथे अशा कितीतरी सुतळ्या लोंबत होत्या, कुणाला तीन गाठी, कुणाला चार. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते फक्त माप सांगत होते. तरी त्या दिवशी खोलीवर जाऊन मी रडले.

माझ्यासाठी चाचांनी मुंबईहून बिनरेघेच्या काचा मागवल्या. वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो अशा काचा तेव्हा कोल्हापुरात कुणाच्या नाकावर दिसत नव्हत्या. त्या बसवायच्या म्हणजे डोळ्याची बाहुली नेमकी कुठे येते ते समजायला हवं, नाहीतर चालताना जमीन डुलते. त्यासाठी चाचा समोर स्टूल घेऊन बसले. आमचे डोळे एका उंचीवर आणले. मला रिकामी फ्रेम घातली, तिला साध्या काचा होत्या. मग एक डोळा मिटून म्हणाले, "माझ्या उघड्या डोळ्यात बघा, हलू नका," आणि शाईने काचेवर बाहुलीसमोर बारीक ठिपका दिला. मग दुसऱ्या डोळ्याचं तसंच. असं तीन वेळा. तिन्ही ठिपके एकावर एक आले तरच माप खरं, असा त्यांचा नियम होता. तो चष्मा घालून मी बोर्डासमोर बसले आणि एकेक भोक स्वच्छ दिसलं, तेव्हा हेडफोन काढून नाचावंसं वाटलं.

मग मला दुकानात जायला कारणं सापडू लागली. कधी स्क्रू ढिला व्हायचा, कधी नाही झाला तर मी करायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चाचा चहा मागवत आणि आम्ही बोलत बसत असू. म्हणजे ते बोलत. बायको अमिना चार वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा कुवेतला. ईदला त्याला कॉल लावायचे तर अर्धा वेळ दोघेही "ऐकू येतंय का" एवढंच विचारत, हे मला माहीत होतं, कारण बोर्डावर मीच असायची. चोरून ऐकू नये हा आमचा नियम. मी तो दर ईदला मोडला.

पुढे दोन-तीन वर्षांनी माझा नंबर वाढला. चाचांनी पुन्हा माप घेतलं, पुन्हा मुंबईहून काचा आल्या, आणि नवा चष्मा घालून एक्स्चेंजच्या पायऱ्या उतरताना मी कठडा धरला. सवय होईल, आठ दिवस घाला, असं चाचा म्हणाले. आठव्या दिवशी शिरोळच्या एका माणसाला, घरात कृष्णेचं पाणी शिरलंय हे मुंबईच्या भावाला सांगायचं होतं. मी त्याला गारगोटीच्या एका आडत्याशी जोडून दिलं. तो बिचारा पुराचं सांगतोय आणि आडत्या भाताचा दर सांगतोय. सुपरवायझरने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली, आणि मी तशीच तणतणत दुकानात गेले.

चाचांनी माझ्या नव्या काचांवर पुन्हा ठिपके देऊन माप तपासलं. जवळ आले, मागे गेले, स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग स्टुलावर बसले.

"मी चुकलोय," ते म्हणाले. "मलाच आता ठिपका नीट दिसत न्हाय."

त्यांच्या नाकावरचा चष्मा अमिनाच्या वेळचा होता. डॉक्टरांनी नवा नंबर काढून दिल्यालाही वर्ष झालं होतं. मग करून का घेतला नाही, असं मी जरा रागानेच विचारलं. साऱ्या गावाचे चष्मे बसवणारा माणूस स्वतः असा कसा राहतो?

"आपलं माप आपल्याला घेता येत न्हाय, बाई. समोर कुणीतरी बसाय लागतंय. अमिना बसायची. तिच्या माघारी माझ्या डोळ्यात बघत बसाय हाय कोण? आणि दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसू व्हय मी, या वयात?" त्यांनी शाईच्या बाटलीला बूच लावलं. "कुलूप लावतो आता. लोकांचं डोळं बिघडवण्यापेक्षा ते बरं."

दुकान गेलं तर त्या माणसाजवळ काहीच उरत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याजवळही उरत नव्हतं. मी पर्स काउंटरवर ठेवली आणि दुसरं स्टूल ओढलं.

चाचा आधी नको नको म्हणाले. दुकानाचं दार सताड उघडं, पलीकडे घड्याळवाला बघतोय, भर दुपार. मी म्हणाले, बघू दे. मग त्यांनी हाताला लागली ती सुतळी खिळ्यावरून काढली. ती माझीच निघाली. तिचं एक टोक स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून दुसरीकडून माझ्या डोळ्यापर्यंत ताणली आणि म्हणाले, एवढ्यावर बसा, पुढं नको, मागं नको. मी एक डोळा मिटला. आयुष्यात इतका वेळ मी कुणाच्या डोळ्यात बघितलं नव्हतं, आणि माझ्याही डोळ्यात कुणी बघितलं नव्हतं. चाचांच्या बाहुलीभोवती राखाडी कडं होतं. मी त्यांच्या रिकाम्या फ्रेमच्या काचेवर शाईने ठिपका दिला. पहिला ठिपका चुकला, कारण त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. "पाण्यात बाहुली हलती," ते म्हणाले, "थांबा जरा." पुढचे तीन ठिपके मात्र एकावर एक आले.

नवा चष्मा घालून त्यांनी सगळ्यात आधी माझ्याकडे बघितलं. "कपाळावर एवढ्या आठ्या हायत व्हय तुमच्या?" म्हणाले. मग माझ्या काचा स्वतः पुन्हा बसवून दिल्या, आणि दुकान आणखी तीन वर्षं चाललं.

त्यानंतर मुलगा कुवेतहून परतला, पुण्यात घर घेतलं आणि चाचांना घेऊन गेला. जाण्याआधी त्यांनी ज्याची सुतळी त्याला घरपोच दिली. माझी मात्र मीच दुकानात जाऊन घेतली. त्यांनी माझा चष्मा उतरवून मलमलीने पुसला, पुन्हा माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाले, "जेवत जावा वेळेवर." पुढच्या ईदला मी बोर्डावर वाट बघितली, पण पुण्याहून त्यांचा कॉल आला नाही. त्यानंतरच्या ईदला मुलाचं पत्र आलं, त्यात ते गेल्याचं लिहिलं होतं.

आता माझं माप मशीन घेतं. समोरची मुलगी पडद्याकडे बघत असते, मी मशीनमधल्या चित्राकडे. चष्मा चांगला होतो, तक्रार करायला जागा नाही.

सुतळी माझ्या कपाटात आहे. घरी आणली त्या दिवशी बघितलं तर तिला तीन गाठी होत्या. चिठ्ठीची एक, बोर्डाची एक, आणि त्यांच्या मधोमध आणखी एक. मला वाटलं, कुणाची तरी दुसऱ्याचीच माझ्याकडे आली. मग टोक डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं, सुतळी समोर ताणली आणि आठवलं. त्या दुपारी दोन स्टुलांमध्ये एवढंच अंतर होतं. आजही कधीतरी जेवायला बसण्याआधी मी ती तशी ताणून बघते. गाठीपाशी कुणी नसतं. पण गाठ पक्की आहे. चाचांनी ती दोनदा मारली आहे.