छपरावरच्या पंख्याला वेढा

मी एकदा छपरावरच्या पंख्याला पकडायला दोन गाड्या भरून पोलीस नेले होते. ती फजिती आठवली की आजही कान गरम होतात.

गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. चाकणच्या एका कंपनीच्या ट्रॅकवर चाचणीत असलेल्या नव्या गाडीचे फोटो बाहेर फुटले. फोटो उंचावरून काढलेले. आवारात तेवढी उंच जागा एकच, पाण्याची टाकी; तिच्या जिन्याची किल्ली एकट्या रखवालदाराकडे, म्हणून कंपनीने त्याचंच नाव दिलं. पन्नाशीचा माणूस, शेजारच्याच गावचा. शनिवारपर्यंत संशयातून सुटला नाही तर नोकरी जाणार होती. मी दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून अरे-तुरे करत होतो.

"सायेब, ड्रोन हाय त्यो. रोज सकाळी अकराला येतोय. म्या ऐकलाय."

"तुलाच बरा ऐकू येतो रे?"

"बाकीचे मशिनीच्या आवाजात असत्यात. मी उघड्यावर."

त्याच सुमारास आमच्याकडे लहान ड्रोन शोधणारं रडार चाचणीसाठी आलं होतं. ते चालवणाऱ्या फौजदार मॅडमनी मला समजावलं : पक्षी पंख फडफडवतो, ड्रोनची पाती गरगर फिरतात, परत येणाऱ्या लहरींत तो फरक दिसतो. बुधवारी कंपनीच्या आवारात रडार लावलं आणि पडद्यावर ठिपका! शेडच्या वर, जागच्या जागी, पाती गरगर. मॅडम "सर, जरा थांबा" म्हणेपर्यंत मी शेडला वेढा घालून कर्ण्यावर ओरडत होतो, "ड्रोन खाली घ्या!" वर होता वाऱ्यावर फिरणारा, शेडमधली गरम हवा बाहेर काढणारा पंखा. कामगार बाहेर येऊन माझंच शूटिंग करत होते.

लाजेपोटी मी हुकूम सोडला : जागेवर थांबणारे सगळे ठिपके पडद्यावरून काढून टाका.

"सर, फोटो काढताना ड्रोनही थांबतो."

"काढा म्हटलं ना!"

त्यांनी काढले, पण नोंदी जपून ठेवल्या. गुरुवारी संध्याकाळी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. "सर, तुमच्या पंख्यांतला एक कालही आणि आजही अकराला आला, सहा मिनिटं थांबला आणि समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर उतरला. छपरावरचा पंखा घरी जात नाही."

शुक्रवारी आम्ही त्या सोसायटीच्या जिन्याखाली दबा धरला. वायरलेसवर मॅडम : "उडाला... ट्रॅकवर थांबला... वळला, सर! तुमच्या डोक्यावर येतोय!" मी उसळून धावलो. चौथ्या मजल्यावर माझा दम संपला. हवालदार पुढे गेला आणि त्याने ड्रोनसकट माणूस धरला.

"लग्नाचं शूटिंग करतो साहेब," चौकशीत गडी एकदम थंड. "आजही एक लग्न होतं."

हवालदाराने कागदावरून मान न उचलता विचारलं, "पितृपंधरवड्यात कुणाचं लग्न लावलंस, भावा?"

गड्याचं तोंड उतरलं. पाचच मिनिटांत फोटो विकत घेणाऱ्याचं नाव जबाबात आलं.

वेढा घातला त्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. त्यावर लोक हसले, संपलं. पण ते हसू झाकायला मी पुरावाच पुसायला निघालो होतो, आणि त्यात एका सरळ माणसाची भाकरी गेली असती. अधिकारी लाजला की तपास आंधळा होतो, एवढं त्या आठवड्याने मला शिकवलं.

शनिवारी मी स्वतः कंपनीच्या गेटवर गेलो. रखवालदार ड्युटीवर होता. "मामा, चुकलं माझं," म्हणालो.

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी रिटायर कवा हुताय?"