तांबटाची लेक आणि सोन्याचा कळस

लग्न होऊन राणीसावरगावात आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. गंगाखेडच्या तांबटाची लेक मी. बापाच्या घागरी ठोकण्याच्या आवाजात वाढलेली. तरी गाडीतून उतरताना महादेवाच्या देवळावरचा कळस उन्हात चमकलेला पाहिला आणि ठरवून टाकलं, हा सोन्याचा! सासरच्या गावाचा कळस तांब्याचा कसा असेल? तांबं तर माहेरी होतं.

पहिल्या माहेरपणात गल्लीभर सांगत सुटले. वडील ऐकत ऐकत घागर ठोकत राहिले. मला सासरी सोडायला आले तेव्हा मात्र देवळापुढं थांबले, वर पाहिलं, आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "इहीणबाई, पोरीला जपा. तांबटाची हाय, पण तांबं वळखंना."

तेव्हापासून सासूबाई मला 'सोनेवाली' म्हणायच्या. मरेपर्यंत. भाजी करपली की, "सोनेवाली, जरा चुलीकडंबी बघ!" हा किस्सा आता माझ्या नातसुनेलाही तोंडपाठ आहे. चूक माझीच, मीच सांगितला.

यंदा वानरांनी त्याच कळसावर उड्या मारल्या आणि त्याच्या पोटाला हा एवढा पोचा पडला. कळस खाली उतरवला. गावातले शहाणे म्हणाले, "आजी, आता फायबरचा आणू. सोनेरी रंगाचा, वजनाला हलका."

"सोनेरी कळसाचं मला इचारा," मी म्हणाले, "त्यातलं मला लय कळतंय."

शेवटी ठरलं, सोमवारपर्यंत माझ्या हातून पोचा निघाला तर हाच चढवायचा, न्हाई तर फायबर.

मी अंगणात गोवऱ्या पेटवल्या. नातसून अधीर. "आजी, हाणा की सरळ हातोडीनं!"

"हाण. चिरला की फायबरवाल्याला फोनबी तूच कर."

जुनं तांबं तसंच ठोकलं तर चिरतं. आधी लाल होईस्तोवर तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग ते मऊ होतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त तांबं ओळखू येत नव्हतं, एवढंच!

उघड्या तळातून मोगरी घालून, म्हणजे लाकडी हातोडी घालून, आतून हलके ठोके द्यायला लागले. ठोकून तांबं कडक झालं की पुन्हा तापवायचं. माझा खांदा भरून आला की नातसून ठोकायची, आणि दर ठोक्याला मी "हळू!" म्हणून ओरडायची. मग चिंच-मीठ चोळून हिरवा गंज काढला. एक बारीक खळगा राहिला. त्याच्या मागं लागले असते तर पत्रा फाटला असता. राहू दे, वानरांची सही.

सोमवारी कळस चढला. शहाणे माना वर करून पोचा शोधायलेत, आणि मी त्यांच्या माना बघायलेय.

नातसुनेनं फोटो काढून पेडगावला, तिच्या माहेरी पाठवला. मी लगेच तिच्या फोनमध्ये डोकावले.

"काय लिवलंस गं?"

"तांब्याचा हाय, आजीनं नीट केला, असं लिवलं."

मी हुश्श केलं. तेवढ्यात फोन वाजला. तिची आई. एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं, "तांब्याचा काय म्हणतीस गं? सोन्याचा दिसायलाय की!"

नातसुनेनं हसू दाबत फोन माझ्या हातात ठेवला.

"घ्या सोनेवाली, तुमीच सांगा."