अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

विक्रोळी पार्कसाइटच्या चाळीत चंपाच्या दाराशी बुटांचा एक जोड असतो. घरातल्या चपलांत तो राकट दिसतो. तळव्यांना लाल माती धरलेली, नाड्या दोनदा बदललेल्या. थंडी पडू लागली की चंपा तो जोड उन्हात ठेवते आणि तिचा नवरा भीमराज रिक्षाची चावी शोधता शोधता म्हणतो, "निघाली वाटतं वाघीण."

चंपा जालन्याकडची. माळावर वाढली, लग्न होऊन मुंबईला आली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात ती पॅकिंगला आहे. तिथंच तिला जानकी भेटली. जानकी मालवणकडची, ती बोलायला लागली की मशीनचा आवाज कमी पडतो. तिचा धाकटा दीर नितेश टेम्पो चालवतो आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढतो. त्यानं या दोघींना डोंगराची गोडी लावली. पत्र्याखाली आठवडा काढलेल्या बाईला कड्यावरचा वारा लागला की काय होतं, ते चंपाला विचारावं. ती सांगणार नाही, नुसती हसेल.

मागच्या उन्हाळ्यात गाळ्यामागच्या नळावर जानकीच्या मानेला गांधीलमाशी चावली. बघता बघता ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि मग आवाजच गेला. चंपानं तिला रिक्षात घातलं. गर्दीत रिक्षा अडकली. चंपाच्या मांडीवर जानकीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती बारीक, कोरडी शिट्टी चंपाच्या कानातून कधीच गेली नाही. डॉक्टर म्हणाले, "या वेळी वाचल्या. पुन्हा काही चावलं तर थांबू नका." गोळ्या दिल्या, कायम जवळ ठेवायला सांगितलं.

त्याच वर्षी थंडी पडली आणि तिघं पुन्हा निघाली. डोंगर नवा होता. वाट एका धारेवरून जायची. एका अंगाला सरळ कडा, दुसऱ्या अंगाला वाळलेल्या गवताचा उतार. हिवाळ्यात ते गवत तेल लावल्यासारखं निसटतं. शेवटच्या घसाऱ्यावर मुरूम पायाखालून सुटला आणि जानकी बसूनच चढली.

"वयनी, आता रांगतंस काय?" नितेश वरून ओरडला.

"गप रे मेल्या! पडलंय तर तुझ्या आवशीक काय सांगशील?"

वर कातळाच्या पोटात देवीचं ठाणं होतं. शेंदूर लावलेला दगड आणि एक घंटा. कोकणातल्या माणसाची एक रीत असते. परक्या मुलखात गेलं तरी तिथल्या देवाला आधी सांगायचं, आम्ही आलोय, सांभाळ. यालाच ते गाऱ्हाणं घालणं म्हणतात. नितेशनं पिशवीतून नारळ काढला, वरची केसाळ सोडणं सोलून पेटवली, त्यावर धूप टाकला, उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. जानकीनं आपली पिशवी देवीपाशी ठेवली आणि पदर डोक्यावर घेतला. दोघांनी डोळे मिटले.

चंपा बौद्ध. अशा वेळी ती चार पावलं बाजूला उभी राहायची. तिला कुणी बोलावलं नाही आणि तिनं कधी नाक मुरडलं नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यावरून शब्द झाला नव्हता.

"बा देवी म्हाराजा," नितेशनं खणखणीत आवाजात सुरू केलं, "आज तुझ्या डोंगरार ही लेकरां इली हत..."

"व्हय म्हाराजा!" जानकी.

चंपाचे डोळे मिटलेले नव्हते. धूर सरळ वर चढत होता आणि तिची नजर धुराबरोबर वर गेली. कपारीखाली काळी सुपं लटकलेली होती, एकाला लागून एक. सुपं कशी असतील इथं? तेवढ्यात एका सुपावरून लहर गेली. पाण्यावरून जावी तशी. मग दुसऱ्यावरून.

आग्यामोहोळ.

तिला ओरडायचं होतं. पण गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत, हे तिनं जानकीकडूनच ऐकलं होतं. दुसऱ्याच्या देवापुढची आग आपण कशी विझवायची? ती थबकली. पापणी लवावी एवढंच थबकली. मग पुढं झेपावून तिनं ओंजळ ओंजळ माती त्या धुरावर टाकली.

"चंपे, काय करतंस!" जानकीनं डोळे उघडले.

"वर बघ!"

आकाश खाली आलं. तसाच आवाज होता तो. दूरवर ट्रक चढावा तसा घोंघावत डोक्यावर आला. चंपानं थंडीसाठी आणलेली, कमरेला बांधलेली चादर सोडली, जानकीला जमिनीवर पाडलं, तिच्यावर चादर टाकली आणि वर स्वतः पालथी पडली. नितेश हात झाडत उताराकडं धावला.

मानेवर, कानावर, बोटांवर जळते खिळे बसत होते. हलायचं नाही. झटकायचं नाही. चंपा मनात त्रिसरण म्हणत होती आणि खाली जानकी देवीचं नाव घेत होती. दोघींचं पोट एकमेकींना लागून वर-खाली होत होतं. चंपाचा सगळा जीव त्या खालच्या पोटाकडं लागला होता.

घोंघावणं विरळ झालं तशा दोघी चादरीसकट सरपटत घसाऱ्यापर्यंत आल्या. खाली नितेश बसला होता. त्याचा एक डोळा मिटून गेला होता.

जानकीनं साडी वर केली. घोट्यावर एक लाल ठिपका.

एकच.

"गोळ्या?" चंपानं विचारलं.

जानकीनं वर पाहिलं. गोळ्या पिशवीत, पिशवी देवीपाशी आणि देवीपाशी माश्या.

फोनला रेंज नव्हती. "नितेश, तू पळ," चंपा म्हणाली. "गाडी आण. मी हिला आणते."

तो एका डोळ्यानं उतारावरून गेला. मागं दोघी. निसटतं गवत, एका अंगाला कडा. चंपानं जानकीचा हात आपल्या खांद्यावर घेतला. पळता येत नव्हतं आणि थांबायचं नव्हतं. थोड्या वेळानं जानकीचे ओठ जाड दिसू लागले. तिचं बोलणं बंद झालं. चंपाला मरोळचा तो रस्ता आठवला.

"जानके, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे मला."

"सुचत नाय गो..."

आवाज घोगरा झाला होता. बोलतेय तोवर श्वास आहे, एवढंच चंपाला कळत होतं.

"गाऱ्हाणं अर्धं राहिलंय ना? पुरं कर."

"बायका... घालीत नाय."

"मग? आता मी ऐकतेय ना. म्हण!"

जानकी पाऊल टाकत म्हणाली, "बा देवी म्हाराजा... लेकरांचा काय चुकला असात..."

आणि थांबली. तिला उत्तराची सवय होती.

चंपाची जीभ जड झाली होती, ओठ भाकरीसारखे फुगले होते. ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"...ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"आमका... सुखरूप घराक पोचय."

"व्हय म्हाराजा! पुढं! थांबू नकोस!"

संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शब्द कमी होत गेले. मधे शिट्टी ऐकू येऊ लागली. तीच बारीक, कोरडी शिट्टी. उताराच्या शेवटी जानकीचे नुसते ओठ हलत होते आणि चंपा त्या हलण्यालाच ओरडून उत्तर देत होती.

गावातली जीप घेऊन आलेल्या नितेशला आधी तो आवाज ऐकू आला. मग वळणावर त्या दोघी दिसल्या, चंपाच्या पाठीवर जानकी.

तालुक्याच्या दवाखान्यात सुई टोचली तेव्हा जानकीचे ओठ निळे पडले होते. चंपा खाटेचा गज धरून उभी राहिली, स्वतःच्या अंगातले माश्यांचे काटे कुणाला काढू देईना. शिट्टी हळूहळू बुजत गेली. मग साधा श्वास ऐकू आला, तेव्हा ती फरशीवर बसली.

बूट यंदाही तिनं उन्हात ठेवले. भीमराजनं चेष्टा केली नाही. गाळ्यात दोघी अजून शेजारी उभ्या राहून झाकणं भरतात. जानकी पहिल्यासारखीच बडबडते. पण कधी तरी कामाच्या नादात ती गप्प होते आणि चंपाचे हात जागच्या जागी थांबतात.

"जानके," ती म्हणते, "बोल गं काहीतरी."